सम नसलेल्या मैफलीला जाताना: कोल्हापूरच्या जॅझप्रेमींसाठी

कोल्हापुरात जॅझ ऐकणारी माणसं आहेत, फक्त ती आपापल्या घरात ऐकतात. मग कधी तरी व्हॉट्सॲपवर एक पोस्टर फिरतं: सॅक्सोफोन, डबल बेस, ड्रम्स, 'मुक्त वादन', शनिवार संध्याकाळी साडेसहा. आपल्या गावात जॅझ आहे म्हटल्यावर चौघं हौसेनं जातात. वीस मिनिटांनी एक जण मोबाइल काढतो, दुसरा छताकडं बघायला लागतो आणि मध्यंतरात 'आपल्याला काय झेपत न्हाई भावा' म्हणत सगळे भेळ खायला बाहेर पडतात.

यात झेपण्याचा प्रश्न फारसा नसतो, असं माझं मत आहे. अशी संध्याकाळ बिघडते ती चुकीच्या खुर्चीमुळं, भरलेल्या पोटामुळं, चुकीच्या सोबतीमुळं आणि आपण काय ऐकायला आलोय याचा अंदाज नसल्यामुळं. जॅझचा अभ्यास नंतर सावकाश होतो. आधी या चार गोष्टी जमवा.

पोस्टर नीट वाचा, मग फोन करा

नुसतं 'जॅझ' लिहिलं असेल तर बहुधा ओळखीच्या चाली असतात: थीम वाजते, सोलो होतात, थीम परत येते. 'फ्री जॅझ' म्हणजे 1960 च्या आसपास ऑर्नेट कोलमन, सेसिल टेलर, आल्बर्ट आयलर यांनी उघडलेली वाट. तिथं वाद्यं जॅझचीच, पण कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या ठरलेल्या क्रमाचं, बंधन सुटलेलं. 'फ्री इम्प्रोव्ह' लिहिलं असेल तर जॅझचीसुद्धा अपेक्षा ठेवू नका. डेरेक बेली या इंग्लिश गिटारवादकानं आयुष्यभर हेच केलं: कुठल्याच संगीतप्रकाराची बोली न बोलता, त्या क्षणी सुचेल ते वाजवणं. 'नॉइज' किंवा 'इलेक्ट्रॉनिक्स' हा शब्द दिसला तर आवाज मोठा असणार, एवढं समजून चला. आणि काही कार्यक्रम जॅझचे नसून लिहून ठेवलेल्या आधुनिक रचनांचे असतात. जॉन केजची 1952 मधली '4 मिनिटं 33 सेकंद' ही रचना त्यातलीच. वादक वाद्याजवळ बसतो आणि काहीच वाजवत नाही. तशी रचना कार्यक्रमात असेल तर ते आधी माहीत असलेलं बरं. नाही तर सोबतचा मित्र 'माइक बंद पडलाय' म्हणून ओरडेल.

वाद्यांची यादीही बरंच सांगते. ड्रम्स नसलेली दोन वाद्यांची मैफल बहुधा हळू आवाजात, बारकाव्यांवर चालते. दोन सॅक्सोफोन आणि ड्रम्स असतील तर पहिल्या पाच मिनिटांतच कानांची परीक्षा.

पोस्टरवर आयोजकाचा नंबर असतो, तो वापरा. सरळ विचारा: साडेसहा म्हणजे खरंच साडेसहा का? वाद्यांना माइक आहेत की तसंच वाजणार? मध्यंतर आहे का, किती वेळाचं? खुर्च्या की भारतीय बैठक? उशिरा आलेल्याला मधेच आत सोडतात का? बरोबर वयस्कर माणूस असेल तर जिना किती आणि लिफ्ट आहे का? लहान मैफलीचा आयोजक अशा फोननं वैतागत नाही, उलट खूश होतो, कारण कुणी तरी खरंच येणार याची त्याला खात्री पटते.

एक गोष्ट मात्र विचारू नका: 'पास मिळेल का?' आपल्याकडं नाटकाचे, गाण्याचे पास मागायची जुनी सवय आहे. पन्नास-साठ खुर्च्यांच्या कार्यक्रमात वादकांचा प्रवासखर्चच देणगी प्रवेशिकांतून निघायचा असतो. प्रवेशिका घ्या, आणि शक्यतो आधी घ्या.

सोबत कुणाला न्यायचं

एकटं जाऊ नका, पण गाडी भरूनही जाऊ नका. चार-पाच जण पुरे. त्यातला एक तरी असा असावा की ज्याला हे आवडेल की नाही याचा तुम्हाला अजिबात अंदाज नाही.

घरात रेकॉर्डचा मोठा संग्रह असलेला मित्र हा अशा मैफलीला सगळ्यात चांगला जोडीदार असतो, असं समजू नका. तो प्रत्येक क्षणी तुलना करतो. त्याच्यापेक्षा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणारा, हलगीवर हात बसलेला, बेंजो पार्टीत रात्र-रात्र जागलेला माणूस शोधा. वाद्यातून वेडावाकडा आवाज निघाला तर तो कसा काढला याचं त्याला कुतूहल असतं. 'याला चाल कुठाय' हा प्रश्न त्याला इतक्या लवकर पडत नाही. मुंबईत 1978 पासून 'जॅझ यात्रा' महोत्सव भरायचा. तो ऐकलेलं ज्येष्ठ कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्या काकांना किंवा मावशींना सन्मानानं घेऊन या.

कुणाला नेऊ नये? ज्याला नऊ वाजता दुसऱ्या कार्यक्रमाला पोचायचंय त्याला. आणि जो शेजाऱ्याच्या कानात प्रत्येक गोष्ट समजावून सांगतो त्यालाही नको, मग त्याचं ज्ञान कितीही पक्कं असो.

निघण्यापूर्वी एक करार करा: मध्यंतरापर्यंत कुणी मत द्यायचं नाही, आणि ज्याला मध्यंतरानंतर थांबायचं नसेल त्यानं न लाजता बाहेर चहा प्यावा. बाकीच्यांनी त्याला हसायचं नाही. एवढ्या एका गोष्टीनं मनावरचं अर्धं ओझं उतरतं.

आठवडाभर आधी थोडं ऐका

सगळा इतिहास ऐकून जायची गरज नाही. तीन तबकड्या पुरतात, पण क्रम महत्त्वाचा.

माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' तुम्ही ऐकलेली असणारच. ती 1959 च्या मार्च-एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित झाली. त्याच वर्षी मे महिन्यात ऑर्नेट कोलमननं 'द शेप ऑफ जॅझ टु कम' केली. दोन्ही लागोपाठ ऐका. ऑर्नेटच्या तबकडीत पियानो नाही, म्हणजे कॉर्ड धरून ठेवणारं कुणी नाही. पण चार्ली हेडनचा बेस आणि बिली हिगिन्सचे ड्रम्स चालत राहतात, पाय ठेका धरतो. मुक्त झाले तरी हे लोक सगळंच सोडून देत नाहीत, हे इथं लक्षात येतं.

दुसरी त्याचीच 'फ्री जॅझ', डिसेंबर 1960 मधली. सुमारे 37 मिनिटं सलग, आणि एकाच वेळी दोन चौकड्या वाजवतायत. तिची गंमत अशी की एक चौकडी डाव्या बाजूला आणि दुसरी उजव्या बाजूला मुद्रित केली आहे. म्हणून ती इअरफोनवरच ऐका. आधी दोन्ही कानांनी पाच मिनिटं, मग एक कान काढून पाच, मग दुसरा. गोंधळ वाटणारी गोष्ट दोन संवादांत कशी सुटते ते अशानं कळतं, आणि मैफलीत आपण करायचं ते हेच, फक्त इअरफोनशिवाय.

तिसरी आल्बर्ट आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी', 1964 ची, जेमतेम अर्ध्या तासाची. तिघंच वादक. सनी मरेच्या ड्रम्समध्ये इथं ठेका असा उरतच नाही, नुसती लाट असते. ही पहिल्यांदा ऐकताना त्रास झाला तर हरकत नाही. मैफलीत तेच समोर घडताना सोपं जातं, कारण कोण काय करतंय ते दिसतं.

जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाची 1965 मधली 'असेन्शन' किंवा पीटर ब्रॉट्झमनची 1968 मधली 'मशीन गन' मात्र या आठवड्यात लावू नका. दोन्ही जबरदस्त आहेत, पण घरच्या स्पीकरवर पहिल्यांदा ऐकली की नुसता कल्लोळ हाती लागतो आणि घरचे लोक शनिवारी तुम्हाला बाहेर सोडायला आनंदानं तयार होतात.

तारीख, जागा आणि परतीची गाडी

शाहू स्मारक भवन, देवल क्लब, एखाद्या कॉलेजचं सभागृह, एखादं कलादालन किंवा कुणाच्या तरी बंगल्याची गच्ची: जागा कुठलीही असो, दिवस बघून निघा. नवरात्रात आणि सुट्टीच्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाच्या गाड्यांनी दसरा चौक भरून जातो. तेव्हा चारचाकी घरी ठेवलेली बरी. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या साउंड सिस्टीमजवळ ही मैफल असेल तर आयोजकाच्या धाडसाला नमस्कार करा आणि पुढच्या तारखेची वाट बघा. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असेल तर हळू वाजलेलं काहीच ऐकू येत नाही, हेही आधी विचारून घ्या. उघड्या गच्चीवर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळं तिथले कार्यक्रम सहसा वेळेत संपतात.

इचलकरंजी, सांगली, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी शेवटच्या एसटीची वेळ त्याच दिवशी स्टँडवर खात्री करून घ्यावी. मधेच निघावं लागणार असेल तर दाराजवळच्या खुर्चीत बसा आणि दोन वादनांच्या मधे उठा. केएमटीच्या बसवर रात्री फार विसंबू नका. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा.

जेवून जाऊ नका. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून कुठल्याही सभागृहात बसलं की अर्ध्या तासात मान कलते, आणि बेस गजानं खर्जात वाजत असेल तर दहाच मिनिटांत. चारच्या सुमारास काही तरी खा, बाकीचं नंतर.

काय घालायचं, कुठं बसायचं

करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण आपली शान आहे, पण त्या दिवशी ते घरी राहू दे. एखादा वादक झांजेच्या कडेवर गज फिरवून केसाएवढा बारीक स्वर काढत असतो आणि त्याच वेळी तुम्ही पाणी प्यायला उठता, हे चांगलं नाही. चिल्लर, किल्ल्यांचा जुडगा, वेफर्सची पाकिटं यांचंही तेच.

जागा निवडताना आधी माइकचं बघा. माइक नसतील तर तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या मागं जाऊ नका. आपली बरीच सभागृहं सिमेंटच्या भिंतींची आणि फरशीची, त्यात गर्दी कमी असली की आवाज घुमतो. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर ड्रम्स दोनदा ऐकू येतील आणि बेस नुसता गुंगुं. माइक असतील तर स्पीकरच्या तोंडासमोरच्या खुर्च्या सोडा. ड्रम्सवाल्याचे दोन्ही हात दिसतील अशी बाजूची जागा मला सगळ्यात आवडते. नवख्या माणसाला डोळ्यांची फार मदत होते.

छताचा पंखा हा इथला खरा शत्रू. तो नेमका हळू वाजवण्याच्या वेळी कुरकुरतो. सुरू व्हायच्या आधी आयोजकाला नम्रपणे विचारा, डोक्यावरचा एक तरी बंद करता येईल का. घाम पुसायला रुमाल आणि हातपंखा घेऊन या.

कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकल दुकानात सहज मिळतात. ते खिशात ठेवा. 85 डेसिबलचा आवाज कानांना दिवसात आठ तास चालतो, पण 100 डेसिबलला पंधरा मिनिटांतच ती मर्यादा संपते, असं कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेचं मापन आहे. लहान खोलीत सॅक्सोफोन आणि ड्रम्स जोरात आले की तिथवर पोचायला वेळ लागत नाही. बोळा चोळून बारीक करायचा, कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. मूल बरोबर असेल तर त्याच्यासाठी कानांवर बसणारे हेडफोनसारखे संरक्षक घ्या.

सम नाही, मग धरायचं काय?

ख्याल ऐकलेल्या माणसाचा कान समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत असतो. जॅझ ऐकलेल्याचा कान बत्तीस बारांचं (ठेक्याच्या मापांचं) आवर्तन फिरून कधी येतं याची वाट बघतो. इथं दोन्ही आधार काढून घेतलेले असतात, म्हणून सुरुवातीला पायाखालची फरशी गेल्यासारखं होतं.

आधी एवढंच तपासा: ठेका आहे का? बुटातल्या बुटात अंगठा हलवून बघा. असेल तर बेस धरा आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती फिरू द्या. ठेका नसेल तर वादकाचा श्वास धरा. सॅक्सोफोनवाल्याचं वाक्य त्याच्या दमाएवढंच लांब असतं. तो कुठं दम घेतो, कुठं वाक्य अर्धवट टाकतो, हे ऐकायला लागलात की ते बोलणं वाटायला लागतं. काही वादक गालात हवा साठवून नाकानं श्वास घेत राहतात, आणि स्वर मिनिटामागून मिनिट तुटत नाही. इंग्लंडचा सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर यासाठी प्रसिद्ध आहे, आणि गारुड्याची पुंगीही याच श्वासावर चालते. तिथं वाक्य शोधू नका, रंग कसा बदलतो ते ऐका.

मग एकमेकांकडं कोण बघतंय ते बघा. खासबागेत कुस्ती लागते तेव्हा पहिली काही मिनिटं नुसती खडाखडी चालते. नवख्याला वाटतं काहीच होत नाही, आणि जाणकार सरसावून बसतो, कारण कोण कुणाचा अंदाज घेतोय हे त्याला दिसत असतं. मुक्त वादनाची पहिली दहा मिनिटं तशीच बघावी. ड्रम्सवाल्यानं एक टकटक टाकली, बेसवाल्यानं ती उचलली की दुर्लक्ष केलं? दुर्लक्ष हीसुद्धा चाल असते. दोघं एका बाजूला झाले की तिसरा काय करतो? कुणी थांबलं तर दमला म्हणून थांबला, की बाकीच्यांना जागा द्यायला?

विचित्र आवाजांना 'चुकला' म्हणू नका. सॅक्सोफोनमधून एकाच वेळी दोन-तीन स्वर काढणं, किल्ल्यांची नुसती खटखट, बेसच्या घोडीखाली गज फिरवणं, हे सगळं ठरवून, रियाजानं बसवलेलं असतं. ऑर्नेट कोलमन 1959 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये प्लास्टिकचा पांढरा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला तेव्हा बड्या-बड्या वादकांतसुद्धा तट पडले होते. त्यामुळं तुमच्या ग्रुपमध्ये पडले तर काळजी नको. आणि अवघडपणाचं म्हणाल, तर अल्लादियाँ खाँसाहेब 1895 पासून ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी होते, जिथं जयपूर घराण्याचे जोडराग आणि अनवट राग ऐकून कान तयार झाले, त्या गावानं वाकड्या वाटेला बिचकावं हे काही पटत नाही.

कंटाळा येईल, सहसा पंधराव्या मिनिटाच्या आसपास. तेव्हा उठू नका. वाद्य बदला: इतका वेळ सॅक्सोफोन ऐकत होतात, आता फक्त झांजा ऐका. डोळे मिटून बघा, नाही जमलं तर उघडा. आणि शेवट हेरायचा प्रयत्न करा. आधी काहीच ठरलेलं नसताना तिघांना एकदम कसं कळतं की आता संपलं? माझ्या दृष्टीनं अशा मैफलीतला तो सगळ्यात सुंदर क्षण असतो. काही वेळा दोघांना कळतं आणि तिसऱ्याला नाही. तेही बघण्यासारखं असतं.

दाद

हे गाव केशवराव भोसल्यांचं. इथं 'वन्स मोअर' रक्तात आहे. ख्यालाच्या बैठकीत प्रत्येक जागेला 'वाह' जाते, आणि जॅझच्या क्लबमध्ये सोलो संपला की वाजणं चालू असतानाच टाळ्या पडतात. मुक्त वादनात यातलं काहीच चालत नाही. मधे आलेली शांतता बरेचदा वाजवण्याचाच भाग असते, आणि तिथं एकानं टाळी वाजवली की सगळं मोडतं. वादकाचा हात खाली येईपर्यंत, किंवा तो मान वर करून प्रेक्षकांकडं बघेपर्यंत थांबा. मग मात्र मनापासून वाजवा, कोल्हापुरी हातानं. 'वन्स मोअर' द्यायला हरकत नाही, फक्त तेच परत येणार नाही, दुसरंच काही तरी येईल.

मोबाइलवर चित्रीकरण विचारल्याशिवाय नको. परवानगी मिळाली तरी एक मिनिट घ्या आणि ठेवून द्या.

संपल्यावर

लहान मैफलीचा मोठा फायदा म्हणजे वादक तिथंच वायरी गुंडाळत उभे असतात. जाऊन बोला. 'हा कुठला राग होता?' असं विचारलंत तर ते हसून काही तरी सांगतील, पण गप्पा तिथंच संपतील. 'मधे बेस एकटा राहिला ते आधी ठरलं होतं का?' असं नेमकं एखाद्या क्षणाबद्दल विचारा, मग ते भरभरून बोलतात. भारतीय संगीताचा विषय निघालाच तर तोही वावगा नाही. डॉन चेरी हा ऑर्नेटचा ट्रम्पेटवादक पुढं झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडं धृपद शिकला होता. टेबलावर सीडी किंवा कॅसेट असेल तर एक घ्या.

चर्चा सभागृहाच्या दारात करू नका, खाताना करा. खासबागेच्या खाऊगल्लीत किंवा गंगावेशीत म्हशीच्या ताज्या दुधाचा ग्लास हातात घेऊन. 'कळलं का?' असं कुणालाच विचारू नका, त्यावर माणूस एक तर खोटं बोलतो नाही तर गप्प बसतो. 'तुला कुठला आवाज लक्षात राहिला?' असं विचारा. बँडवाला क्लॅरिनेटिया त्या रात्री सगळ्यात जास्त बोलतो. निदान आमच्या कट्ट्यावर तरी.

ज्याला नाही आवडलं त्याला पुन्हा त्याच प्रकारच्या मैफलीला ओढू नका. तीन वाद्यांचा कल्लोळ सोसला नसेल तर पुढच्या वेळी दोनच वाद्यांची, माइक नसलेली मैफल निवडा. आयोजकाकडं तुमचा नंबर देऊन ठेवा, म्हणजे पुढची तारीख पोस्टर फिरण्याआधीच कळेल. पंखा, खुर्च्या, डास यांबद्दल जे काही सांगायचं ते दुसऱ्या दिवशी फोन करून सांगा. त्या रात्री नको, तेव्हा तो खुर्च्या उचलत असतो. जमलं तर चार तुम्हीही उचला.